मुलीने दिलेल्या पापण्या

आमच्या इमारतीत मुलीने दिलेल्या पापण्या असलेला मी एकटाच माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. फुशारकी म्हणून नाही. म्हणजे, फुशारकी म्हणूनच. निवृत्त माणसाने फुशारकी मारायची नाही, तर मग करायचं काय?

आमच्याकडे पोरं नोकरीला लागली की पहिल्या पगारातून आईबापांना लाल रंगाचे गरम आतले कपडे आणून देतात. चांगले लालभडक. वर बनियन, खाली घोट्यापर्यंत पायजमा. देजॉनच्या आमच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणारे म्हातारे ऐन जानेवारीत कोटाची बटणं मुद्दाम उघडी टाकून हिंडतात, ते काही उकडतं म्हणून नव्हे. कुणी विचारलंच तर, आणि न विचारता तर नक्कीच, "पोराने दिलंय" म्हणतात. मी हे सगळं ऐकून घ्यायचो, मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, थांबा लेको, माझी बोरम अजून नोकरीला लागायची आहे.

बोरम ही आमची एकुलती एक मुलगी. ती नोकरीला लागली सोलला, पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. मे महिन्यात आईबापांचा दिवस असतो, तेव्हा ती घरी आली, माझ्या छातीवर गुलाबी फूल टाचलं आणि हातात एक पाकीट ठेवलं. लाल पायजमा पाकिटात मावत नाही, एवढं मला कळत होतं.

"बाबा, तुमच्या पापण्या फार खोल गेल्यात," ती म्हणाली. "फोटोत तुम्ही सतत रागावलेले दिसता."

"मी रागावलेलाच असतो."

"पण दमल्यासारखेही दिसता. मला बघवत नाही. मी दवाखान्यात नाव नोंदवलंय. पोटावरची थोडी चरबी घेतात आणि पापण्यांत भरतात. माझ्या साहेबांच्या आईनेही करून घेतलं."

आता माझ्या डोळ्यांविषयी थोडं सांगणं भाग आहे. मी शाळेत शिस्तप्रमुख होतो. आयुष्यभर सकाळी फाटकात उभा राहिलो. हातात छडी नव्हती, तोंडात शिवी नव्हती, नुसती नजर. मी बघितलं की पोराचा शर्ट आपोआप आत जायचा. पाठीमागे मला यमराज म्हणत, हे मला ठाऊक होतं आणि मनातून ते मला आवडायचंही. निवृत्तीनंतर हीच नजर मी इमारतीच्या कामी लावली. कचरा वेगळा करण्याच्या दिवशी मी खाली नुसता उभा राहिलो तरी लोक दुधाचे कागदी डबे धुऊन, उलगडून, वाळवून आणत. रहिवासी समितीचा अध्यक्ष मी मतांनी झालो नाही, नजरेने झालो.

तेव्हा अशा डोळ्यांना हात लावायचा म्हणजे विचार करण्यासारखी गोष्ट होती. मी विचार केला. टेकडीवरचे लाल पायजमे आठवले. आणि म्हटलं, "बाळ, कधी जायचं?"

बोरमची आई एवढंच म्हणाली, "अहो, पोटावरून घेणारच आहेत, तर डोळ्यांपुरतीच कशाला घेतात? सगळीच घ्या म्हणावं."

सोलमधल्या त्या दवाखान्यात डॉक्टर दिसले जेमतेम. सगळा कारभार एका सल्लागार मॅडमच्या हाती. तिने मला आल्या आल्या 'बाबा' म्हणायला सुरुवात केली, पापण्यांवर पेनाने खुणा केल्या आणि म्हणाली, "बाबा, आठवड्याभरात असे दिसाल की आईसाहेब पुन्हा प्रेमात पडतील." आईसाहेब शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी काही आश्वासन दिलं नाही.

बेंबीतून नळी घालून चरबी काढली, पापण्यांत भरली, मी घरी आलो. डोळे सुजले. सुजणारच. सूज उतरावी म्हणून आमच्याकडे भोपळ्याचा रस पितात, शस्त्रक्रियेनंतर तर पितातच. बोरमने खोकाभर पाकिटं पाठवली. खालच्या मजल्यावरच्या सोक वहिनींना वास लागला, त्यांनी गावाकडून आणखी एक खोकं मागवलं. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ भोपळा पीत होतो. सूज काही उतरेना. उलट हसलं की डाव्या पापणीत एक गोळी वर यायची आणि हसू संपलं तरी बसून राहायची. सल्लागार मॅडमला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, सूज आहे. उतरेल. रस घेताय ना?"

घेत होतो.

खरा घोटाळा झाला तो कचऱ्याच्या दिवशी. सोक वहिनी माझ्या डोळ्यांदेखत कोंबडीची हाडं खरकट्याच्या पेटीत टाकत होत्या. हाडं खरकट्यात जात नाहीत. खरकट्याचं जनावरांसाठी खाद्य होतं, हाडं जातात सुक्या कचऱ्याच्या पिशवीत, हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी पुढे झालो आणि त्यांच्याकडे बघितलं. तीच नजर. फाटकातली.

वहिनींच्या हातून पातेलं सुटलं. मला वाटलं, चला, दरारा शाबूत आहे. तर त्या माझा दंड धरून म्हणाल्या, "अहो सर, रडताय कशाला एवढे? हाडंच आहेत. ही बघा, काढली! घरी सगळं ठीक आहे ना?"

"मी रडत नाही. मी रागावलोय."

"हो हो, कळतं मला. आमचे हेही निवृत्त झाल्यावर असेच रागवायचे, बाथरूमचं दार लावून."

ती बातमी लिफ्टच्या आधी वर पोचली. योम सर रडतात. कुणी म्हणालं, मुलीचं लग्न ठरतंय म्हणून. हे अर्धं खरं होतं, जुनमो नावाचा एक मुलगा होता. कुणी म्हणालं, बायको सोडून चालली. बोरमच्या आईला हे दळणकांडपाच्या दुकानात कळलं आणि तिने घरी येऊन माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या जुन्या नजरेची आठवण झाली.

आणि मग ताटं सुरू झाली. आमच्याकडे दुःखात असलेल्या माणसाला कुणी उपदेश करत नाही, खायला आणून देतात. सोक वहिनींनी शिंपल्यांची पेज आणली. नवव्या मजल्यावरून काचेसारख्या पारदर्शक शेवयांचं ताट आलं. देवळातल्या भजनी बायकांनी लाल घेवड्याच्या वड्या आणल्या. भांडं रिकामं परत करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून बोरमची आई त्यात धिरडी घालून पाठवी. धिरडी मिळाली की समोरच्यांना वाटे, आपणच मागे पडलो, की दुसऱ्या दिवशी आणखी मोठं ताट. हे थांबवायचं कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी शिक्षक माणूस, अन्न टाकत नाही. मी खात होतो आणि पापण्या वाढत होत्या. पापण्या वाढल्या की मी जास्त दुःखी दिसे. दुःखी दिसलो की ताट येई.

या सगळ्यात मला एकच धास्ती होती, बोरमला कळता कामा नये. पोर आपल्या कचेरीत सगळ्यांना सांगत सुटली होती, मी बाबांना डोळे दिले म्हणून. तिला कसं सांगणार, की बाळ, तुझी भेट फुगली? तिचा फोन आला की मी मोबाईल असा धरायचो की तिला माझं कपाळ आणि घरातला दिवा दिसावा.

"बाबा, डोळे दाखवा ना."

"अगं, दिव्याकडे बघ, नवीन लावलाय."

मग शरदातला सण आला आणि ती प्रत्यक्ष आली. तिच्या बसचा आवाज आला, तसा मी स्वयंपाकघरात शिरलो, सुरी घेतली आणि कांदे कापायला बसलो. मी घरातला थोरला मुलगा. आमच्या घराण्यात सणाला थोरल्या पुरुषाने पूर्वजांपुढे वाकायचं असतं, विळीसुरीपुढे नव्हे. माझे दोघे धाकटे भाऊ दारात उभे राहून बघत होते. बायका हाताआड हसत होत्या. पण माझ्या सुजल्या, पाणावल्या डोळ्यांना सबळ कारण मिळालं होतं. मी सणाचे सगळे कांदे कापले, मग शेजाऱ्यांचेही कापून दिले. बोरमची आई म्हणाली, "लग्नापासून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. सूज राहू द्या."

बोरम माझ्याकडे बराच वेळ बघत होती. जाताना मात्र म्हणाली, "बाबा, वसंतात जुनमोच्या आईवडिलांना भेटायचं ठरतंय."

दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसून जेवतात, तो दिवस. त्या दिवशी मुलीच्या बापाला एकच काम असतं. होणाऱ्या जावयाकडे एकदा, फक्त एकदा, असं बघायचं की त्याने जन्मभर लक्षात ठेवावं. त्या नजरेची तालीम मी बोरमच्या जन्मापासून करत होतो. आणि आता आरशात बघितलं, तर मी मुलीची पाठवणी करून रडून आलेला दिसत होतो.

बिघडलेल्या शस्त्रक्रिया दुरुस्त करणारे डॉक्टर सोलमध्ये वेगळे असतात, त्यांच्या इमारतीही पहिल्या इमारतींच्या समोरच असतात. मी बोरमला न सांगता डॉ. प्यो मॅडमकडे गेलो. माझ्याच वयाच्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी पापणी बोटांत धरून बघितली, मग माझ्या पोटाकडे बघितलं.

"वजन वाढलंय का हो?"

"थोडं. शेजारी चांगले आहेत."

"मग ही सूज नाही, ही चरबी आहे. पोटावरची आहे ना ती? जागा बदलली, सवय नाही बदलली. तुम्ही जेवलात की ती अजूनही आपण पोटात आहोत असंच समजते."

म्हणजे मी इतके महिने भोपळ्याचा गोड रस पाजून पापण्या पोसत होतो. हे ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसाने काय करावं? मी खुर्चीत ताठ बसलो. शिस्तीचा प्रश्न होता.

"आधी वजन उतरवा," मॅडम म्हणाल्या. "मग पापणीच्या घडीतून जास्तीची काढू. आणि पहिल्या दवाखान्यातून नोंदी आणा. कुठे, किती भरलंय, ते कळलं पाहिजे."

मी रस्ता ओलांडून पहिल्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने माझं ओळखपत्र घेतलं, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"बाबा, हे तुम्ही नाही."

"मीच आहे."

"फोटोतल्या बाबांचे डोळे वेगळे आहेत. दुसऱ्याच्या नोंदी देता येत नाहीत, नियम आहे."

"अहो, ते डोळे तुम्हीच बदललेत!"

"तेच तर नोंदी बघितल्याशिवाय कळणार नाही ना, बाबा."

मी आयुष्यभर पोरांना नियम सांगितले, त्यामुळे नियमापुढे मला एकदम काही सुचेना. तेवढ्यात ती म्हणाली, "नाव नोंदवलंय मुलीने. आपण तिला फोन लावून विचारू." आणि तिने फोन उचलला.

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की नाकाला पट्ट्या बांधलेल्या चार पोरी माझ्याकडे वळल्या. सल्लागार मॅडम धावत बाहेर आली. आता एकच पुरावा शिल्लक होता. शिस्तप्रमुख, समितीचा अध्यक्ष, यमराज, मी भर दवाखान्यात सदरा वर केला आणि बेंबी दाखवली. नळीच्या जागी बारीक खूण होती.

सल्लागार मॅडम वाकली, बघितलं आणि लगेच म्हणाली, "अगं, योम बाबाच की हे! दे त्यांना."

चेहऱ्यावरून नाही ओळखलं, पोटावरून ओळखलं. त्या दिवशी गाडीत मी देजॉनपर्यंत डोळे मिटून बसलो. शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर एक संत्रं ठेवलं. मी ते तिला परत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी दिलेलं खाणं परत केलं आणि तिथून माझी खरी परीक्षा सुरू झाली.

ताट नाकारणं हे आमच्या इमारतीत भांडण उकरून काढण्यासारखं आहे. सोक वहिनींना मी दारातच सांगितलं, "वहिनी, मी रडत नाही. पापण्यांत चरबी भरून घेतलीय, ती वाढलीय." त्यांना सांगणं म्हणजे जाहीर सभा घेणं, पण बोरम राहत होती सोलला, तेवढा धोका पत्करला. वहिनी ताट मागे घेत म्हणाल्या, "मग सर, माझ्यावर त्या दिवशी खरंच रागावला होतात?"

"खरंच."

"अगंबाई," त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून त्यांच्या घरातून हाडाचा तुकडासुद्धा चुकीच्या पेटीत गेलेला नाही. टेकडीवरही कळलं. लाल पायजमेवाले मला बघून डोळे मिचकावू लागले. मी मान ताठ ठेवून त्यांच्या पुढून चालत राहिलो, चढ चढत राहिलो, आणि पोट उतरलं. पापण्याही थोड्या उतरल्या, पण डाव्या डोळ्यातली गोळी आपल्या मतावर ठाम होती.

थंडी सरता सरता प्यो मॅडमनी मला टेबलावर घेतलं. भूल फक्त पापण्यांपुरती. मधेमधे त्या मला उठवून बसवत, "वर बघा, खाली बघा, मिटा, उघडा," आणि दोन्ही बाजू जुळतात का बघत. गोळी निघाली. मग त्यांनी विचारलं, "बाकीची सगळी काढू? आधीसारखे खोल होतील, पण तुमची ती जुनी नजर परत येईल. त्याचसाठी आलात ना?"

त्याचसाठी आलो होतो. मी त्या झगझगीत दिव्याखाली पडलो होतो आणि मला आठवत होतं, ते मे महिन्यातलं पाकीट. देताना पोर, मला बघवत नाही, म्हणाली होती. माझ्या डोळ्यांकडे आयुष्यभर शेकडो पोरांनी बघितलं, आणि बघितलं की खाली मान घातली. बापाचे डोळे दमलेत, हे दिसण्याइतका वेळ त्यांच्याकडे एकटीनेच बघितलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "थोडी राहू द्या."

"चरबी?"

"हो. मुलीने दिलीय."

पुढचं काम त्यांनी फार सावकाश केलं.

भेटीचा दिवस उजाडला तेव्हा टाक्यांची रेघ बारीक गुलाबी उरली होती. जेवणघराच्या आतल्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. जुनमो घोट्यापर्यंत घामाने भिजला होता. त्याचे वडील, होणारे व्याही बांग साहेब, निवृत्त पोस्टमास्तर, हात मांडीवर ठेवून बसले होते. अशा बैठकीत कुणालाच काय बोलावं सुचत नाही. हवा झाली, रस्त्यातली गर्दी झाली, मुळ्याच्या लोणच्याची तारीफ झाली. मग बांग साहेब बिचारे बोलायचं म्हणून बोलले, "साहेब, डोळ्यांना काही... फुलांच्या परागांचा त्रास वगैरे होतो का?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. पराग, गांधीलमाशी आणि रात्रीचं वाचन, अशी तिन्ही कारणं मी पाठ करून आणली होती. बोरमच्या आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी बोरमकडे बघितलं. ती वाटीतल्या सुपाकडे बघत होती, मान खाली, अगदी माझ्या शाळेतल्या पोरांसारखी. आणि मला ते सहन झालं नाही.

"त्रास नाही हो," मी म्हणालो. माझा फाटकातला आवाज कुठून आला कोण जाणे. "या पापण्या मला मुलीने दिल्यात. नोकरी लागल्यावर."

बोरमने मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि तिथे कांदा नव्हता.

"बाबा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "नोंदी नेल्याचा निरोप दवाखान्याने मलाच पाठवला. आणि सणाला इतके कांदे कुणी कापतं का? मला वाटलं, तुम्हाला आवडलंच नाही. तुम्ही सगळं काढून टाकलंत."

"काढून टाकीन? वेडी आहेस का? वाढली होती, तेवढी छाटली. बाकी आहे तशी आहे. ये, हात लावून बघ."

आणि माझी मुलगी टेबलाला वळसा घालून आली, होणाऱ्या सासूसासऱ्यांदेखत माझ्या डाव्या पापणीला तिने बोट लावलं. मी डोळे मिटून घेतले. जावयाकडे एकदा बघायचं होतं, ते राहूनच गेलं. नंतर बघितलं, तर तोच रडत होता. त्याला वेगळा धाक घालायची गरज नव्हती.

बांग साहेबांनी घसा साफ केला. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, पाय बाहेर काढला आणि विजार घोट्यावरून हळूच वर ओढली. बाहेर झाडांना पालवी फुटली होती, माणसं सदऱ्यांत हिंडत होती, आणि त्या घोट्यावर लालभडक काठ दिसत होता. धुऊन धुऊन जरा विटलेला.

"जुनमोने दिला," ते म्हणाले. "पहिल्या पगारात. खास दिवशी घालतो."

मी तो पायजमा मनापासून बघितला. कापड उत्तम होतं. शिवण चांगली होती. व्याही माणूस निवडून मिळाला आहे, हे मला त्या क्षणी पटलं, आणि मान म्हणून मी त्यांचा पेला माझ्या दोन्ही हातांनी भरला.

पण खरं सांगायचं, तर पायजमा तो पायजमा. धुवायचा म्हटला की काढावा लागतो.